तिकिटावरचा मी

३ मार्च
शाळेपासूनचा मित्र आला होता. चित्रकार. एका प्राचीन थोर तत्त्वज्ञावर टपाल तिकीट निघतंय आणि चित्राचं काम याला मिळालंय. तत्त्वज्ञाचा ना फोटो, ना पुतळा. चेहरा कुणालाच माहीत नाही, म्हणून मॉडेल हवा. मला म्हणाला, तूच बस. गड्याची नजर पारखी आहे.
बायको म्हणाली, बेसिनचा नळ गळतोय, प्लंबरला फोन करा. हिला प्रसंगाचं गांभीर्य नाही.

५ मार्च
पहिलं सिटिंग. मला खिडकीकडे तोंड करून बसवलं, स्वतः मागे स्टूल टाकून बसला. म्हणाला, इथून लाइट छान आहे. चेहरा बहुतेक शेवटी काढतात.
संकल्प: रागावणं बंद.

८ मार्च
दाढी राखतोय. खाजते. बायको नळाचं काहीतरी बोलत होती. मी चिंतनात होतो. रागावलो नाही.

१५ मार्च
शेवटचं सिटिंग. आजही मागेच बसला. समोर येऊन एकदाही बघितलं नाही. इतकी जुनी दोस्ती, चेहरा पाठच असणार! ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं. साहेब म्हणाले, आता तुम्हाला थुंकी लावायची तर! जळतात.

२ मे, सकाळी
आज तिकीट निघणार. दाढी विंचरली. पोस्टात काउंटरवरच्या बाईंनी मला ओळखलं नाही. त्यांचा चष्म्याचा नंबर वाढला असेल.

२ मे, थोड्या वेळाने
दगा! तिकिटावर खिडकी. खिडकीपाशी खुर्ची. खुर्चीत पाठमोरा तत्त्वज्ञ. माझी पाठ, माझं टक्कल. पहिल्या दिवसाचा शिक्का बाईंनी नेमका टकलावर मारला.
मित्राला फोन केला. म्हणे, ज्याचा चेहराच माहीत नाही त्याचं तोंड कसं काढू? आणि मागून तू फार खोल विचारात असल्यासारखा दिसतोस. समोरून? असं विचारलं तर फोनच ठेवला. केसाने गळा कापला, तोही टकल्याचा.

३ मे
दाढी काढली. सिक लीव्ह टाकली. मैत्री संपली.
बायकोला दाखवणारच नव्हतो, पण शर्ट धुवायला टाकताना तिला खिशात तिकीट सापडलं. चष्मा न लावताच म्हणाली, अहो, हे तर तुम्ही! मला अगदी भरून आलं. जगात एक तरी माणूस आपलं आहे. कसं ओळखलंस, विचारलं.
म्हणाली, लग्न झाल्यापासून मी काही बोलायला लागले की हेच तर दिसतं मला. नळाचं काय झालं?
खिडकीकडे बघत बसलो.