त्याने बंदूक खांद्याला लावली नाही

बुधवार, बनेद अल-गार, कुवेत

आज जेवण गेलंच नाही. मी कामाला आहे त्या बंदुकांच्या दुकानात एक कुवेती माणूस शिकारीची बंदूक घ्यायला आला होता. परवाना खरा, सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, तेही जुळलं, सरकारी सिस्टीममध्येही नाव स्वच्छ. पण त्याने बंदूक खांद्याला लावून पाहिली नाही. इथला प्रत्येक शिकारी आधी ती खांद्याला लावतो, मग पक्ष्यांच्या गप्पा सुरू. याने एवढंच विचारलं, “रफीक (इथे आम्हा परदेशी कामगारांना सगळे अशीच हाक मारतात), बंद कमरे में आवाज कितना होता?”

“सर, सिस्टीम डाऊन है, कल आना,” मी चक्क थाप मारली. तो नुसता हसला.

मालक फोनवर म्हणाला, कागद ठीक आहेत ना, मग देऊन टाक. रूमवर सोबत राहणारा दत्ताराम म्हणतो, “तुझं काम परवाना बघायचं रे. मन बघायला तू कोण?”

खरंय. पण खांद्याला का नाही लावली? घरातल्या कुणावर चालवायचीय, की स्वतःवरच?

उद्या तो येणार. सिस्टीम चालू असणार, नाव स्वच्छच येणार, आणि बंदूक माझ्याच हातांनी त्याच्या हातात द्यावी लागणार.