वजनाखालून जाऊबाईंना

तीर्थस्वरूप जाऊबाईंना,

साष्टांग नमस्कार. (या वेळी साष्टांग हा शब्द खरा समजावा. खांदे वर जात नाहीत, बसलं तर पाठ दुखते, तेव्हा जमिनीवर पालथी पडूनच लिहिते आहे.) तुमचे गुडघे आणि मोठ्या भाऊजींचं पित्त आता बरं असेल. तुमच्या स्वभावाची चौकशी करत नाही. तो काही हवापालट करून सुधारण्यातला नाही.

पत्रास कारण की मी पुन्हा बेंचप्रेस सुरू केला आहे. हसू नका. भाऊजींच्या बदलीच्या गावी तुम्ही गेलात, त्यानंतर मी त्या रॉडला हात लावला नव्हता. आणि तुम्ही जाण्याआधी काय झालं तेही मी विसरलेले नाही. पंचेचाळीस किलो माझ्या छातीवरून वर चाललं होतं, चांगलं चाललं होतं, आणि डोक्याशी उभ्या असलेल्या तुम्ही रॉडला बोट लावलंत. बोट लागलं की आपल्या जिमचे मालक ते वजन धरत नाहीत, हे तुम्हाला पाठ होतं. वर सगळ्यांसमोर म्हणालात, "अडकली होती ती." मी अडकले नव्हते, जाऊबाई. मी दम घेत होते. स्वतः आयुष्यात कधी वजनाखाली न झोपलेल्या बाईला दम घेणं आणि अडकणं यातला फरक कळावा, ही अपेक्षाच चूक म्हणा.

तर आता मालक भिंत रंगवणार आहेत. चाळीस किलो उचललेल्या बायकांची नावं जिथे आहेत, तीच भिंत. ज्यांना रंग दिल्यावर पुन्हा नाव हवं, त्यांनी मालकांसमोर पुन्हा उचलून दाखवायचं, असा फतवा निघाला आहे. त्यांच्या पद्धतीप्रमाणे माझ्या नावाखाली बारीक अक्षरात तुमचं नाव आहे, डोक्याशी उभी राहणारी म्हणून. म्हणजे माझं पुसलं की तुमचंही गेलं. तुम्हाला त्याचं काही नसेल. मला आहे. जन्मभर मी लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवले, त्यावर कोणी माझं नाव घातलं नाही. नाव असलेली ती एकच भिंत आहे.

पहिल्या दिवशी मी थेट चाळीसच लावलं. तिथे एक नवा ट्रेनर आला आहे. त्याने सांगितलं की शरीराला सगळं आठवत असतं. माझ्या शरीराला एवढंच आठवलं की आपण इतके दिवस सोफ्यावर होतो. रॉड खाली आला आणि छातीवर मुक्कामाला राहिला. ट्रेनर डोक्याशी उभा राहून समोरच्या आरशात स्वतःचे दंड बघत ओरडत होता, "येतंय, येतंय, तुमचंच आहे!" माझंच होतं, त्याबद्दल वाद नव्हता. एका बाजूला कलंडून प्लेटा पाडाव्यात, तर दोन्हीकडच्या क्लिपा मीच घट्ट लावलेल्या. (तुमची शिस्त. तुम्ही असताना ती ठीक होती.) शेवटी शेजारच्या यंत्रावरून दातांच्या डॉक्टरीणबाई उठल्या, त्यांनी रॉड उचलला आणि मला म्हणाल्या, "आता चूळ भरा."

मग अक्कल आली आणि नुसत्या रिकाम्या रॉडपासून सुरुवात केली. माझ्या बाजूला एक आजोबा बसतात, ते मला उत्तेजन द्यायला टाळ्या वाजवत. रिकाम्या रॉडला टाळ्या मिळणं यासारखा अपमान नाही. घरी तुमच्या दिरांनी ऐकलं आणि डोक्याशी उभं राहायची जबाबदारी उदारपणे स्वतःवर घेतली. रॉड माझ्या गळ्याच्या वर असताना या गृहस्थांनी विचारलं, "तू गॅस बंद केला होतास ना?" पण वजन मात्र भराभर वाढू लागलं. आठवडाभर मला वाटलं, मी वाघीण झाले. मग एका सकाळी त्यांची कंबर धरली, तेव्हा कळलं की इतके दिवस वजन कोण उचलत होतं. आता ते पलंगावर आणि मी जमिनीवर, असा आमचा संसार चालू आहे. त्यांना चहा पाजताना माझा हात पुरता वर जात नाही आणि चहा त्यांच्या सदऱ्यावर सांडतो. त्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही.

सध्या पस्तीस माझं मी उचलते, कोणाच्याही उपकाराशिवाय. चाळीस खाली येतं, वर जात नाही. थोडं जड पडतं, इतकंच. तुमची आठवण येते असा या पत्राचा अर्थ काढू नये. मोठ्या भाऊजींना नमस्कार सांगावा. तुम्हाला वर एकदा करून झाला आहे.

आपली,
धाकटी जाऊ

ता. क. : रंगारी सोमवारी येणार आहे. मालक रविवारी सकाळी वजन बघणार आहेत. शनिवारच्या गाडीला गर्दी नसते म्हणे. आतल्या खोलीतली गादी उन्हात घातली आहे. कोणासाठी असं नाही, वास येत होता.

ता. क. दुसरं : चाळीस जड पडतं असं वर लिहिलं ते खोटं आहे. मला भीती वाटते. रॉड छातीला टेकला की मी वर बघते, तिथे त्या ट्रेनरची हनुवटी दिसते आणि हातातलं बळच जातं. तेव्हा शनिवारी या. बोट तुम्हाला वाटेल तेव्हा लावा, मी चकार शब्द काढणार नाही. पूर्वी वर बघितलं की तुमचं तोंड दिसायचं, आणि मरताना शेवटचं हे बघायचं नाही, एवढ्या एका निश्चयावर मी वजन वर ढकलत होते.