गिरसप्प्याहून परत आल्यावर

सोलापूर, मार्गशीर्ष, सन १९३१

चि. सौ. विजयमाला हिस आशीर्वाद.

पोरी, गिरसप्प्याचा धबधबा पाहून आलो. तुझे वडील म्हणाले होते, "व्याही, तुमी सोता बघून या. तवर माझ्या पोरीचं कुंकू कुणी पुसायचं न्हाय." म्हणून या वयात गेलो.

रानात भर दुपारी अंधार होता. लाकडाच्या ठेक्यावरून माझा हिंदुराव पाण्याला गेला आणि जिथं त्याचा नुसता पटका सापडला, तो खडक दाखवला मला. पालथा पडून खाली पाहिलं. पाणी तळाला पोचेपर्यंत त्याचा धूर होतो. मी त्याला हाका मारल्या. रानाच्या शिपायानं मला धोतराला धरून ओढलं. "अज्जा, मागं या. इथं पडलेला ओंडकासुद्धा वर येत नाही."

हे तुला कळवायलाच हवं. पण तू जेवशील का, रात्री तुझ्याजवळ कोण निजेल, ह्याच काळजीनं हात थांबतो.

आज कासाराच्या दुकानासमोर पाय थांबले. त्यानं विचारलं, "कुणाला?"

"सुनेला."

"मग हिरव्याच की, आप्पा!"

मला नाही म्हणवलं नाही. उद्या अकलूजला, तुझ्या माहेरी, माणूस जातो आहे. हे पत्र देत नाही. बांगड्याच देतो.

हिंदुरावचा बाप,
आप्पा