सेक्रेटरींच्या खिडकीखालचं फूल

वाशी, मंगळवार, १२ जून १९८४

दोन दिवस सोसायटीत मेलेल्या उंदरासारखा वास येतोय. आज सेक्रेटरी सगळ्यांदेखत आईला म्हणाले, "तुम्ही आगरी लोक घरात सुकी मासळी साठवता, तिचाच हा वास!" माझं डोकंच फिरलं. वास हुंगत गेले, तर त्यांच्याच खिडकीखाली रानसुरणाचं जांभळं फूल उमललेलं, त्यावर माश्या घोंगावत होत्या; वास त्याचाच. त्यांना बोलावून दाखवलं. साधं 'चुकलं' म्हणायचं सोडून आईलाच म्हणाले, "मग उपटून टाका." आणि तिने उपटलं! का?

घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाली, "इथंच ऱ्हायाचा हाय ना आपल्याला."

राहायचंय म्हणे! ही बिल्डिंग जिथं उभी आहे, ते शेत आमचंच होतं.