फोटोनं उघडलेला फोन

बाबा, दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलोय. गिऱ्हाईक वाकून आत बघतं, मी 'नंतर या' म्हणतो. तुम्ही असता तर ओरडला असता, "एक तं उघडं ठेव, नाई तं बंद कर! हे अर्धंमुर्धं काय लावलं?" तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मंगरूळपीरचा तुमचा फोटो स्टुडिओ आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पडद्याच्या जागी काचेचं कपाट आलं, तुमचं भिंग मात्र मी अजून वापरतो, सर्किटवरचे सोल्डरचे बारीक टाके बघायला. पासपोर्ट फोटोही काढतो अधूनमधून. पण लोक येतात ते फुटलेली स्क्रीन घेऊन, नाहीतर लॉक उघडून मागायला.

ते लॉक तुम्हाला समजावून सांगावं लागेल. आता फोनची किल्ली म्हणजे मालकाचं तोंड. फोन तोंडासमोर धरला की त्यातला कॅमेरा बघतो, ओळखतो आणि उघडतो. महागड्या फोनमधून डोळ्यांना न दिसणारा उजेड तोंडावर पडतो, नाक किती पुढे, डोळे किती खोल हे मोजलं जातं. तिथं फोटो दाखवून भागत नाही. स्वस्तातल्या जुन्या फोनांना एवढी अक्कल नसते. ते नुसतं चित्र ताडून बघतात. समोर माणूस आहे की कागद, त्यांना काय ठाऊक! मी प्रत्येकाला सांगतो, बाप्पा, पिन टाकत जा, तोंडावर भरवसा ठेवू नका. कोणी ऐकत नाही. पिन टाकायचा सगळ्यांना कंटाळा.

मंगळवारी सकाळी एक माणूस आला. पन्नाशीचा, जवळच्याच खेड्यातला शेतकरी, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. पिशवीतून त्यानं आधी एक जुना फोन काढला, मग एक फ्रेम. फ्रेममध्ये विशीतली मुलगी, कॉलेजच्या फॉर्मसाठी काढतात तसा सरळ बघणारा फोटो, आणि वरून चंदनाचा हार.

"पोरीचा फोन हाय. लॉक उघडून द्या. फोटो दाखवला का उघडते म्हनतात."

आपल्याकडे हार घातलेल्या फोटोपुढे कोणी प्रश्न विचारतं का, बाबा? मी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. "कवा झालं?" एवढंच विचारलं. "आज चवथा दिवस," तो म्हणाला. चौथ्या दिवशी सुतकातला बाप इस्त्रीचा शर्ट घालून बाजारात कसा, हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं तर आलं होतं, मीच ते हाकलून लावलं. फोन त्यानं बंद पडू दिला नव्हता, चार्जिंगला लावून लावून जिवंत ठेवला होता. बंद पडून चालू झाला की फोन पिनच मागतो, हे त्याला कोणीतरी सांगितलेलं दिसत होतं.

फोन फ्रेमसमोर धरला. उघडला नाही. काच चमकत होती, हार हनुवटीवर येत होता. मी हार सरकवला, मागचे खिळे उपटून काच काढली, ट्यूबलाइट बंद केली आणि दारातल्या उजेडात फोटो जरासा तिरपा धरला. तुम्ही गिऱ्हाइकाची मान दोन बोटांनी वळवायचात तसा. चौथ्या खेपेला उघडला. आणि मी टाळी वाजवली, बाबा! पोरगी मेलेली, बाप समोर बसलेला, आणि मी लहान पोरासारखा टाळ्या वाजवून राह्यलो.

तो हसला नाही, रडलाही नाही. म्हणाला, "चष्मा घरी राह्यला. तिनं मैतरनीले धाडलेला शेवटचा मॅसेज वाचून दाखवा." मला वाटलं, बिचाऱ्याला लेकीचे शेवटचे शब्द ऐकायचे असतील. मी मोठ्यानं वाचलं: 'आम्ही इथं राहणार आहोत. कोणालाच सांगू नको.' खाली एक नकाशा होता. त्यावर बोट लागलं तसा तो उघडला. अकोल्यातली एक गल्ली.

"सापडली," तो म्हणाला.

"कोन?"

त्यानं फ्रेमवर बोट ठेवलं. "हेच."

"अहो, मंग हार काहून घातला?"

"आमच्यासाठी मेली ते. फोन घरी टाकून त्या पोरामांगं गेली, त्याच दिवशी घातला." फोन खिशात टाकून तो उठला. "काच बसवून ठेवा. फ्रेम मंग नेतो."

तेव्हा मला कामरगावची ती भानगड आठवली. मी कॉलेजात होतो, तुम्ही जेवायला गेला होता. एक माणूस आला, स्थळासाठी काढलेल्या एका मुलीच्या फोटोची कॉपी मागितली, म्हणाला मी मामा. मी दिली. तुम्ही आल्यावर ऐकलं, हात न धुता बाहेर पडलात, ऐन बाजाराच्या दिवशी स्टुडिओ बंद करून बसनं कामरगावला, त्या मुलीच्या गावी गेलात. दिवेलागणीला परत आलात ते तो फोटो घेऊनच. "तो मामा नोता," तुम्ही म्हणालात. "तुले कोनं सांगतलं मामा हाय म्हनून? त्यानंच ना?" मारलं नाहीत. मला वाटत होतं माराल. जेवताना आईनं भाकरी वाढली, तुम्ही ती तशीच ठेवून उठलात, आणि पुढे आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मला तेव्हा राग आला होता तुमचा. एका फोटोसाठी एवढं काय!

मंगळवारी घरी गेलो आणि तुमच्या सुनेला सगळं सांगितलं. ती तवा उतरवून म्हणाली, "पोलिसाले सांगा. आत्ताच्या आत्ता."

मी म्हटलं, "बाप-लेकीच्या मधात आपन कोन?"

"तुमीच तं पडले मधात. फोन कोनं उघडला?"

मी ताट ओढून जेवायला बसलो. बुधवारही तसाच गेला. एक लॅपटॉप आला होता, त्यात डोकं घातलं. बाप आहे, समजूत काढील, घरी आणील, दोन दिवस धुसफुसेल, असं मी मलाच सांगत होतो. ती फ्रेम काउंटरच्या मागे भिंतीकडे तोंड करून ठेवली होती मी. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

आज तो परत आला. हातात पेढ्यांचा पुडा. "घ्या, तोंड गोड करा. आनली घरी." माझ्या जिवात जीव आला, खरंच सांगतो. मी पेढा घेतला. "बोलते का आता?" म्हटलं.

"बोलून काय करते? खोलीत हाय." मग काउंटरवर वाकून म्हणाला, "तो फोटो देजा."

मी फ्रेम काढली. काच बसवलेली होती, हार तसाच होता. मी हाराला हात घातला. "हे काढून टाकतो. पोरगी तं घरी आली."

"राहू द्या," तो म्हणाला. "लागन."

बाबा, त्याच्या आवाजात काही नव्हतं. राग नव्हता, चढउतार नव्हता. बियाण्याची पिशवी मागावी तसं म्हणाला. आणि मी काय केलं? फडक्यानं काच पुसली, हार सरळ केला आणि फ्रेम त्याच्या हातात दिली. "येतो," म्हणाला. मी "या" म्हटलं.

त्याचं गाव मला ठाऊक आहे. बोलताबोलता सांगितलं होतं त्यानं. पोलिसांचा नंबर तीन आकडी आहे. लावला की विचारतील, कोण बोलता, तुम्हाला कसं माहीत, फोन कोणी उघडून दिला. दुकानाचं नाव येईल. त्या गावचे लोक दारात येतील. भीती वाटते मला, बाबा, आणि लाजही. म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्ही काही विचारणार नाही.

तो माणूस बाराला गेला. आता चार वाजायला आले, आणि मी अजून लिहितोच आहे.