विरोध : दोन

१२ जून २००५, रवि., वेलचेरी, चेन्नई
गच्चीवर बिल्डिंगची मीटिंग. मागच्या मोकळ्या मातीवर सिमेंट टाकून पार्किंग. आठ घरांपैकी सहा तयार. विरोध दोन : तळमजल्याचे रावसर आणि त्यांच्या समोरच्या टीचर. रावसर रिटायर्ड मास्तर, तंजावरचे. मराठी आपलीच, पण जुन्या वळणाची. "इथं एरी होती. पाण्यास जागा ठेवा." एरी म्हणजे तळं. आता कुठलं तळं! वर, "मिनिट्सात लिहा की." सेक्रेटरी मी, लिहिलं.
दसऱ्याला गाडी येतेय. घराण्यातली पहिली. बाबा साताऱ्याहून खास तिच्यात बसायला येणार. ती काय रस्त्यावर उभी करू?

१० जुलै
पुन्हा सहा-दोन. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा मीच लिहिलं. आवाज चढत नाही, चेहरा बदलत नाही. इतका शांत माणूस मला खरा वाटत नाही. आतून काहीतरी शिजतंय.

१९ जुलै
वरचा सुंदरम रावसरांच्या दारातून बाहेर पडताना दिसला. विचारलं तर म्हणे, कॉफी. अर्धा तास कॉफी! मीरा म्हणाली, "तूही जा की. वास छान येतो." घरातच फितुरी.

१४ ऑगस्ट
पाच-तीन. सुंदरम फुटला. वाटलंच होतं. रावसरांना जिन्यात गाठून सरळ विचारलं, लोकांना फोडताय का?
"मी कुणास काही बोललों नाही हो. विचारले तर सांगतों. या की, कॉफी घ्या."
गेलो नाही.

२२ ऑगस्ट
काल रात्री पावसाची मोठी सर आली होती. आज ऑफिसला निघताना उगाच मागे डोकावलो. घोटाभर पाणी. संध्याकाळी परत आलो तर मातीने सगळं पिऊन टाकलेलं. सिमेंट असतं तर कुठं गेलं असतं? अर्थात तळमजल्यात. हे मी मीराला सांगितलं नाही.

२८ ऑगस्ट
मिनिट्स नोटीस बोर्डावर लावले. टीचर वाचून हसल्या. पाहतो तर 'रावसरांचे म्हणणे' हे शब्दच माझ्या हातून गळलेले. खाली नुसतं : पाण्याला जागा ठेवणे आवश्यक. आणि माझी सही. झटकन काढून फाडलं. तीन महिने ते वाक्य लिहितोय कोण? मीच. म्हाताऱ्याने हे आधीच ओळखलं होतं की काय?

११ सप्टें., रवि.
चिठ्ठ्या टाकू, हा आग्रह माझा. लोक सरांच्या भिडेला पडतात, हात वर करायला लाजतात, असं मीच सांगत होतो.
चार-चार.
चौथा कोण? सगळे नायरकडे बघायला लागले, कारण तो गप्प असतो. बिचारा शपथा घेत होता. मीही म्हणालो, "तोंडावर सांगायचं होतं."
चौथी चिठ्ठी माझी. लाज वाटते. नायरपुढे जास्त.

१४ सप्टें.
रविवारी परत मत, हात वर करून. नायरशी कुणी धड बोलत नाही. जिन्यात मलाच विचारत होता, "सार, तुमचा डाउट कुणावर?" म्हटलं, बघू.
बाबांचा फोन. तिकीट काढलं. "गाडीला जागा आहे ना रे?" आहे म्हणालो.
रावसरांनी पुन्हा कॉफीला बोलावलं. टाळलं. ते तोंडाकडे बघतात.
रविवारच्या मिनिट्सची वही काढली. तारीख घातली. 'विरोध' लिहिलं, पुढची जागा कोरी ठेवली.