सैल पडणाऱ्या सुतळ्या

कुडपण, २६ जून २०२५

चि. अक्षदास आबा आणि आईचे पोटभर आशीर्वाद.

टॉवर आठ दिवस बंद आहे, म्हणून दत्ताराम कंडक्टरच्या हाती पत्र देतो. तू माघात पाठवलेल्या हॉप्सच्या मुळांचे सातही तुकडे फुटले. घरामागच्या उतारावर दहा हातांवर बांबू रोवले आणि तिथून मागच्या खोलीच्या वाशांना सुतळ्या ताणल्या. वेली सुतळ्यांवरून वाशापर्यंत पोचल्यात. तुझ्या आईने कोवळी खोडं छाटून दुधाच्या पिशव्यांत कलमं लावली, त्यातली वीस जगली. बियरला लागणारी फुलं बापाच्या दारात फुलवतेस म्हणून गावात तुझं नाव गाजतंय. आई सगळ्यांना सांगते, पोरीनं पाठवलीत, वाईट काय नाय.

कटकट एकच. सुतळ्या सैल पडतात. वेलीचं ओझं असणार. तीनदा कापून आवळल्या, दर खेपेला वीतभर.

लोभ आहेच, सुट्टी मिळाली तर पायही इकडे वळू देत.
आबा

महाड, ३० जून

ती. आबांस अक्षदाचा सा. न. वि. वि.

पत्र कारखान्याच्या प्रयोगशाळेत वाचलं आणि हातातलं काम ठेवून दिलं. आबा, भिजलेली सुतळी आखडते, सैल पडत नाही. ओझ्याने ती एकदा वाकेल, पण तीनदा वीतभर कशी? बांबूच घराकडे सरकत असतील, म्हणजे उतार खाली येतोय. भिंतीपासून बांबूपर्यंत मोजा. वर गवतात भेग आहे का बघा. आईला घेऊन कापड्याला सोनाआत्याकडे जा. मला फार भीती वाटते आहे.

रागावलात तरी चालेल, लोभ कमी करू नका.
अक्षदा

कुडपण, २ जुलै

चि. अक्षदास आशीर्वाद.

पोरगी महाडात बसून इथला डोंगर हलवते म्हणून तुझी आई हसली. तुझ्या समाधानासाठी मोजलं. पुरे दहा हात भरले. भेग कुठेच नाही. आईची पाठ धरलीय, ती मागच्या खोलीत पडून असते, तिथं ऊब आहे. उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

लोभ तर जन्माचा आहे.
आबा

महाड, ४ जुलै

ती. आबांस सा. नमस्कार.

दहा हात भरले, तर कापलेल्या तीन विती गेल्या कुठे? तुम्ही मोजलंच नाही, नाहीतर मला खरं सांगत नाही. याहून कडक लिहायला हात धजत नाही. हे पत्र दत्तारामदादा आजच पोचवतील. रविवारी मी येते. तुम्ही निघणार नसाल, तर मीही आईशेजारी त्याच भिंतीला लागून झोपेन.

लोभ असेल तर त्याआधी निघा.
अक्षदा

कापडे, ९ जुलै

चि. अक्षदास,

रविवारी तू इथं होतीस, तेव्हा तोंडावर बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितो. दरड आपल्या मागच्या खोलीवर बसल्याचा निरोप आला, तेव्हा तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, आबा, तुम्ही आईला वाचवलंत. 

मोजलं होतं गो. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच दिवशी. साडेआठ हात. वर भेगही होती, पाऊल जाईल एवढी. तिच्यावर मी पेंढा टाकला. डोंगर खाली येतोय असं माझ्याच्याने म्हणवेना, म्हणून तुला सुतळ्यांचं लिहिलं. तू ओळखशील अशी आशा होती, आणि ओळखलंस तर घर सोडावं लागेल याची भीती. त्या घराचा चिरा न् चिरा मी वाहून आणलाय. तुझ्या महाडच्या खोलीत कोंडून मरायचं माझ्या जिवावर आलं होतं. त्यापायी तुझ्या आईला त्या भेगेखाली नऊ रात्री झोपवलं.

शनिवारी घर सोडून उठलो, तो तू तिथं झोपणार म्हणालीस म्हणून. तुझ्यासाठी उठलो. तिच्यासाठी नाही उठलो.

आत्ता ती शेजारी बसून सोनाला सांगतेय, आमचं हे लय जपतात मला. तिला वाचता येत नाही. हे पत्र तिला वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. लोभ असावा, असं मागायला या वेळी माझी जीभ रेटत नाही.

तुझा बाप,
येसाजी